यंत्राने विचारलं नाही

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. तुझ्या बापाला हाताने लिहायची हुक्की आली, एवढंच समज. अक्षर लागत नसेल तर खिडकीपाशी जाऊन वाच, कारण दुसरा मार्गच मला उरलेला नाही. टॅबलेटवर काही लिहिलं की तो ते घरभर बोंबलून सांगतो. फोन तुझ्या आईच्या खिशात असतो आणि त्यातले निरोप माझ्याआधी तीच वाचते. परवापरवापर्यंत मेल लिहावी म्हणून कॉम्प्युटरसमोर बसलो, तर शिवणाचं मशीन थांबवून ती धावत यायची आणि खुर्चीमागे उभी राहायची. तिला वाटायचं, तू माझ्या आवाजाच्या फाइल्स पाठवल्यास. मग मी उगाच काहीतरी उघडायचो, बंद करायचो आणि उठायचो. आता तर त्याला हात लावायचीही चोरी आहे. म्हणून हा कागद. ती शिवून झालेले कपडे पोहोचवायला गेली आहे, तेवढ्यात जमेल तितकं लिहितो, उरलेलं उद्या.

तब्येत ठीक आहे. गळ्यातल्या भोकावर जाळीचा रुमाल बांधून सकाळी फेरी मारून येतो. जखम भरली. वास येत नाही फारसा, त्यामुळे परवा दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. डॉक्टर माझ्यावर खूश आहेत. गाठ पुरती निघाली म्हणतात. तिच्याबरोबर स्वरयंत्रही निघालं, पण त्याबद्दल ते फार बोलत नाहीत, आणि मी तर बोलूच शकत नाही.

आमच्याकडे हल्ली निवेदक राहतात. हे नाव तुझ्या आईने ठेवलंय. मी टॅबलेटवर लिहितो आणि आतला तो गडी वाचून दाखवतो. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि कुठल्याही वाक्याला आनंद सारखाच. मला मळमळतंय, हे तो गाडी फलाटावर येत असल्यासारखं सांगतो. परवा दूधवाल्याशी भांडायचं होतं, तर निवेदकांनी त्याला इतक्या गोडीत झापलं की तो हसून निघून गेला. तुझ्या आईला हाक मारायची तर मी चमचा पेल्यावर वाजवतो. ती म्हणायची, मी काय हॉटेलात वाढायला आहे का? तिचं बरोबर आहे. पण निवेदकांच्या तोंडून 'सरकार' अशी हाक मी एकदाच मारली, आणि ती हातातलं काम टाकून आत जाऊन बसली. पुन्हा तसं करू नकोस, म्हणाली. मग चमचाच बरा.

म्हणून तिचा सगळा जीव त्या रेकॉर्डिंगमध्ये होता. तुला आठवत असेल, ऑपरेशनच्या आधी थेरपिस्ट बाईंनी वाक्यांचे कागद दिले होते. पाणी हवंय, दुखतंय, पंखा लाव, बरं वाटतंय. ही माझ्या आवाजात म्हणून ठेवायची, म्हणजे नंतर टॅबलेट निवेदकांच्या ऐवजी माझ्या आवाजात बोलेल. मी कपड्यांच्या कपाटात स्टूल टाकून बसायचो, दाराला गादी लावून, आणि कोटांच्या बाह्या कानाला लागत असताना पंखा लाव, पंखा लाव म्हणायचो. शाळांचे गणवेश शिवायचे ते दिवस, वर्षाची सगळी कमाई त्यातच, आणि तिने काम परत पाठवलं. का, तर मशीनचा आवाज माझ्या आवाजात येईल. दुपारभर ती बाहेर हात मांडीवर ठेवून बसायची. कागदावरची वाक्यं संपल्यावर मी माझी सुरू केली. तिला चिडवायची, तुला झापायची, फोनवर चुकीचा नंबर लागला तर समोरच्याला सुनवायची. सरकार अशी हाक तर किती तऱ्हांनी म्हटली. कामाची, लाडाची, चष्मा सापडत नाही तेव्हाची. ती दाराबाहेर ऐकत होती आणि हसत होती, हे मला गादीतूनही कळत होतं.

तर परवापरवापर्यंत रोज सकाळी ती विचारायची, ठमीचं काही आलं का? आणि मी मान हलवायचो. तू तिला लिहायचीस, काम चालू आहे आई, खराब आवाज काढून टाकतेय, वेळ लागतो. ती शेजारणीला सांगायची, आमची लेक असली कामं फार नीट करते. थेरपिस्ट बाई दर आठवड्याला यायच्या आणि रिकाम्या हाताने जायच्या. तू तिच्या वाढदिवसाला आली नाहीस. फोन लावला तर उचलत नाहीस, नंतर निरोप पाठवतेस की मीटिंगमध्ये होते. इतक्या मीटिंगा असत्या ना, तर तुझी कंपनी एव्हाना कुठल्या कुठे गेली असती.

आज तुला जुनं काहीतरी सांगावंसं वाटतंय. नकाशांच्या कचेरीतली आमची थंड खोली तुला आठवते का? उन्हाळ्यातही आम्ही स्वेटर घालून बसायचो आणि तू आलीस की माझ्या स्वेटरच्या आत शिरायचीस. त्या खोलीत एक रीत होती. पुसण्याची आज्ञा एकट्याने द्यायची नाही. एकाने ओळ टाइप करायची, हात मांडीवर घ्यायचे, आणि दुसऱ्याने शेजारी उभं राहून ती ओळ मोठ्याने वाचायची. अक्षर न् अक्षर. आर, एम, म्हणजे पूस, मग मोकळी जागा, तिरपी रेघ, अमुक, तिरपी रेघ, तमुक. वाचणाऱ्याने मान डोलावली तरच एंटर दाबायचं. नव्या लोकांना हसू यायचं. पण कॉम्प्युटरला आपल्या मनातलं कळत नाही, त्याला फक्त लिहिलेलं कळतं, आणि आपल्या डोळ्यांना मात्र आपण मनात योजलेलंच दिसत राहतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कळतं आपण काय लिहून बसलोय.

ती रीत ज्याच्यामुळे पडली, त्याला तू मोकळीजागाकाका म्हणायचीस. ते त्याचं नाव नाही हे तुला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याला कच्च्या फाइली पुसायच्या होत्या, म्हणजे नावाच्या शेवटी ठरावीक अक्षरं असलेल्या सगळ्या. त्यासाठी चांदणी टाकून पुढे लगेच ती अक्षरं लिहायची. त्याने चांदणीनंतर चुकून एक मोकळी जागा सोडली. कॉम्प्युटरने दोन गोष्टी वाचल्या. आधी चांदणी, म्हणजे जे जे आहे ते सगळं. मग ती अक्षरं. एका पूर्ण मोसमाची मोजणी गेली. माणसं उन्हात साखळ्या ओढत हिंडली होती तिच्यासाठी. टेपवर प्रती होत्या म्हणून सगळं परत आलं, पण तो कोपऱ्यातल्या पायरीवर बसून राहिला होता, आणि मोठे साहेब आले तेव्हा त्यांनी कुणी केलं हे विचारलं नाही. ते म्हणाले, आधी परत आणा, चहा घ्या, मग बघू. ते मग बघू कधी आलंच नाही. आम्ही मात्र त्याला आयुष्यभर मोकळीजागा म्हणत राहिलो. मित्र म्हटल्यावर एवढा त्रास द्यावाच लागतो.

तुला मी शिकवलं ते सगळं तसंच. आपण उभे कुठे आहोत, म्हणजे कुठल्या डिरेक्टरीत, ते आधी विचार. मग पुसायच्या ऐवजी नुसती यादी मागव, त्याच चांदणीने, आणि यादीत जे दिसेल तेच जाणार आहे हे लक्षात ठेव. यादी पटली तर तीच ओळ परत बोलाव आणि पहिला शब्द तेवढा बदल, बाकीचं पुन्हा टाइप करू नको, कारण चूक तिथेच शिरते. डिरेक्टरी रिकामी असेल तर तिच्यासाठी वेगळी सभ्य आज्ञा आहे, ती वापर. आत काही असलं तर ती हात लावत नाही. आणि खरं तर लगेच पुसूच नको. 'थांबा' नावाची एक डिरेक्टरी कर, नको असलेलं त्यात हलव, आणि राहू दे काही दिवस. तुझे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि तू माझ्याशेजारी खुर्चीवर गुडघे टेकून वाचायचीस, आल, एम, मोकली जागा. कचेरीतले लोक कामं सोडून ऐकायला यायचे. मला किती अभिमान होता म्हणून सांगू. मी तो कधी दाखवला नाही, पण होता.

मग तू मोठी झालीस, माझ्यापेक्षा जास्त कमवायला लागलीस, आणि मागच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर काम करत असताना मी तुझ्या खांद्यावरून बघितलं. तू नुसती चांदणी टाकलीस आणि एंटर मारलंस. मी तुझा हात धरायला पुढे झालो. पण तुझ्या कॉम्प्युटरने एकेक फाइल घेऊन विचारलं, ही पुसू का? तू हो म्हणायचीस, नाही म्हणायचीस, पुढे जायचीस. जणू भाजीवाल्याच्या टोपलीतून निवडून घेतेयस. मी म्हटलं, अगं ही काय पद्धत झाली? तू म्हणालीस, बाबा, तू जुना झालास, आमच्या ऑफिसात आल्याआल्याच सगळ्यांना हे लावून देतात, काही पुसायला गेलं की तो आधी विचारतोच. मी म्हटलं, तो विचारतो कारण कुणीतरी त्याला विचारायला लावलंय. जिथे लावलेलं नसेल तिथे काय करशील? तू म्हणालीस, तिथे मी बघेन. मग तुझ्या आईने आपल्या दोघांना टेबलावरून उठवलं, कारण पोळ्या गार होत होत्या.

आता ते सांगतो जे सांगायला एवढा वळसा घातला. हॉस्पिटलातून घरी आल्यावर मला माझा आवाज ऐकायचा होता. लाज वाटते सांगायला, पण एखादी सोडून गेलेली व्यक्ती बघावी तशी ओढ होती. तुझी आई अंघोळीला गेलेली. मी डिरेक्टरी उघडली, यादी मागितली, आणि काहीच आलं नाही. तू परत जाताना सांगून गेली होतीस की फाइल्स माझ्याकडे घेतल्यात, साफ करून पाठवते. माणूस फाइल्स घेऊन जातो तेव्हा त्यांची प्रत घेतो, जागा ओस पाडत नाही. पण मी मनाला समजावलं की हलवल्या असतील. दुसऱ्या डिस्कवर रोज आपोआप प्रत जाते, तिथे बघितलं. ती प्रत आरशासारखी ठेवलेली होती, इकडे गेलं की तिकडूनही जातं. ऑपरेशनच्या धावपळीत एवढंच जमलं होतं, पक्की प्रत हॉस्पिटलातून आल्यावर करू असं ठरवलेलं. तिथेही काही नव्हतं. रिकामी डिरेक्टरी डोळ्यांसमोर नको म्हणून मी ती सभ्य आज्ञा दिली. ती म्हणाली, डिरेक्टरी रिकामी नाही.

ठमे, म्हणजे आत काहीतरी उरलं होतं, माझा जीव कसा हरखला असेल तू समज. तोंड उघडलं मी, हाक मारायला. आणि हवा सगळी गळ्यातल्या भोकातून निघून गेली. मग लपलेल्या फाइलींसकट यादी मागवली. एकच होती. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने स्वतःसाठी ठेवलेली, नावाच्या आधी टिंब असलेली, आणि तिच्यात माइकचा आवाज किती मोठा ठेवायचा एवढंच लिहिलेलं. टिंबाने सुरू होणारं नाव चांदणीत येत नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. बाकी सगळं जाऊन तेवढंच मागे राहतं ते एकाच प्रकारे. कुणीतरी आत उभं राहून नुसती चांदणी दिली तर.

म्हणजे मला तेव्हापासून माहीत आहे. तू आमच्या रिकाम्या घरात बसली होतीस, आम्ही दोघं हॉस्पिटलात. मीच पाटीवर लिहून तुला सांगितलं होतं, खोकल्याची रेकॉर्डिंग काढून टाक, थेरपिस्ट बाईंना चांगली तेवढी दे. तू सगळी ऐकली असशील, कुठली ठेवायची ते ठरवलं असशील. मग तुझ्या सवयीने चांदणी दिलीस आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघत राहिलीस. तो आला नाही. माझ्या कॉम्प्युटरला मी कधी विचारायला लावलंच नव्हतं. आमची जुनी यंत्रं काम झालं की काही बोलत नाहीत, नुसती पुढची ओळ देतात. ती पुढची ओळ बघताना तुझं काय झालं असेल, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शेजारी वाचून दाखवायला कुणी नव्हतं. मी असतो तर, असं मनात येतं, आणि मग आठवतं की मी असतो तरी वाचून दाखवू शकलो नसतो.

मला राग आला नाही असं लिहिणार नाही. भयंकर आला. एका सकाळी तुझी आई बाहेर गेली आणि मी तुला उद्देशून टॅबलेटवर वाटेल ते लिहिलं. इतकी मोठी इंजिनिअर झालीस, बापाचा गळा दुसऱ्यांदा कापलास, असलं काय काय. आणि निवेदकांनी ते रिकाम्या घरात, मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ऐकून मला हसू आलं आणि मग रडू आलं. रडतानाही आवाज होत नाही आता, नुसती शिट्टीसारखी हवा. राग अजून आहे, ठमे. कमी झालाय, पण आहे, आणि तुला बघितलं की कदाचित उफाळून येईल. तू खोटं का बोललीस, याचा जास्त आहे. पण तुझ्या जागी मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

डिस्क काढून मी मोकळीजागाकडे नेली. त्याचे हात आता थरथरतात, पण डोकं तसंच आहे. पुसलेलं परत मिळवायचं तर त्या डिस्कवर नंतर काही लिहायचं नसतं, आणि आमच्या घरात तर तुझ्या आईने हॉस्पिटलातून आल्यावर तिच्या मालिका त्याच डिस्कवर उतरवल्या होत्या. शिवाय या नव्या डिस्क रिकाम्या झालेल्या जागा आपल्याआपणच धुऊन ठेवतात म्हणे. त्याने बरेच दिवस खटपट केली. मग स्वतः घरी आला, डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाला, नाही रे मिळालं. तुझा आवाज मीच तेवढा चांगला ओळखतो म्हणून स्वतः कान लावून बसलो होतो, पण काहीच नाही. कुणी केलं ते त्याने विचारलं नाही. मी त्याला चहा करून दिला. तो बोलू शकत असून गप्प होता, याचं मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून मी बघत होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं. आई सकाळी विचारायची, मी मान हलवायचो. तुझा निरोप यायचा, काम चालू आहे, ती तो मला वाचून दाखवायची आणि मी ऐकायचो. मला माहीत आहे ते तिला माहीत नाही, तुला माहीत नाही की मला माहीत आहे, आणि तू आपली तिकडे एकटी, धड जेवतही नसशील. तुला फोन करावा तर काय करावं? एकदा निवेदकांकरवी केला होता. ठमे, कशी आहेस, एवढंच विचारलं त्यांनी, आणि तू फोन कापलास. तू त्या आवाजाने रडलीस हे मला कळलं. पूर्वी असं काही झालं की मी एक आरोळी ठोकायचो आणि तुम्ही दोघी आपापल्या खोलीतून बाहेर यायचात. मी आयुष्यभर बडबड करून हे घर चालवलं असं आता वाटतं. ते साधनच गेलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. मंगळवारी थेरपिस्ट बाई आल्या आणि म्हणाल्या की आणखी थांबण्यात अर्थ नाही, मुलीला आत्ताच फोन लावा, आहेत तेवढ्या फाइल्स पाठव म्हणावं, मी बोलते तिच्याशी. तुझ्या आईने खिशातून फोन काढला. तू बाईंपुढे काय बोलली असतीस? मी टॅबलेट ओढला, लिहिलं, आणि घाईत बटण दोनदा दाबलं गेलं. फाइल्स माझ्याकडून पुसल्या गेल्या, असं निवेदकांनी दोनदा, अगदी प्रसन्नपणे जाहीर केलं. मग मी खाली लिहिलं की हॉस्पिटलातून आल्यावर माझ्याच हातून झालं, ठमीकडे प्रत कधी गेलीच नव्हती, तिला माहीत आहे, मीच तिला गप्प राहायला सांगितलं. बाई उठून गेल्या. तुझ्या आईने फोन परत खिशात घातला. मग म्हणाली, इतकी वर्षं लोकांच्या फाइली सांभाळल्यास, आणि माझं एवढं एक ठेवता आलं नाही तुला. माझं म्हणाली ती. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तुलाही तिने अजून फोन केलेला नाही. ताट वाढते, औषध देते, जाळीचा रुमाल धुऊन देते, पण बोलत नाही, आणि मी चमचा वाजवला तर येऊन नुसती उभी राहते. राहील काही दिवस अशी. माझ्यावर रागवायची तिला सवय आहे, त्यातून ती बाहेर येते. तुझ्यावर रागवायची तिला सवय नाही. मी केलं ते बरोबर आहे का, ठाऊक नाही. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही करताही येत नाही. पण आता दोन कहाण्या घरात चालणार नाहीत, म्हणून तुला कळवणं भाग होतं. पुढच्या रविवारी ये. ती तुला माझ्याबद्दल सगळं सांगेल, रडेल, मला नावं ठेवेल. तू ऐकून घे. बाबाचं असंच आहे, म्हण. हे पोटात ठेवणं तुला जड जाईल हे मला माहीत आहे, पण ठेव. आणि मी दार उघडेन तेव्हा माझ्याकडे बघून रडू नकोस. तिला कळेल.

तुझाच,
बाबा